चंदगडचा रुग्ण आणि उजळाईवाडीचे हेलिकॉप्टर : लोकवर्गणीतून हवाई रुग्णसेवा उभारण्याचे एक प्रकरण

या प्रकरणाची सुरुवात एका रेफर चिठ्ठीपासून झाली. चंदगड तालुक्यातल्या एका वाडीवर काजूच्या झाडावरून पडलेल्या, चाळिशीतल्या एका शेतकऱ्याची ती चिठ्ठी होती. तिच्यावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत वेळा लिहिलेल्या होत्या, आणि शेवटची वेळ घामाने ओल्या झालेल्या घडीवर पुसट झाली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास तो पडला. शेजाऱ्याच्या जीपमधून पहिल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत बारा वाजले. तिथे सलाईन लावून, रुग्णवाहिकेची वाट पाहून त्याला पुढे पाठवले तेव्हा एक वाजून गेला होता. दुसऱ्या ठिकाणी छातीचा एक्स-रे निघाला, ‘पुढे हलवावे’ असा शेरा पडला, आणि तो कोल्हापुरात आमच्यासमोर आला तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. अर्ध्या तासात तो गेला.

भूलतज्ज्ञ म्हणून मी त्याच्या उशाशी उभा होतो. मोडलेल्या बरगडीने फुप्फुस फाटले होते आणि छातीत कोंडत गेलेल्या हवेने हृदयाकडे परतणारे रक्त अडवून धरले होते. आम्ही नळी घातली, हवा सुटली, पण तोवर हृदय फार वेळ उपाशी राहिले होते. वाटेतल्या कोणाचीही हयगय मला त्या चिठ्ठीत दिसली नाही. प्रत्येकाने आपल्या हातात होते ते केले होते. बाहेर आल्यावर त्याच्या मेव्हण्याने मला एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, हेलिकॉप्टर असतं तर वाचला असता का ओ?” त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे जे काम उभे राहिले ते या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधताना उभे राहिले, म्हणून त्याची हकिकत त्याच क्रमाने मांडतो आहे.

पहिली बैठक एका पतसंस्थेच्या सभागृहात झाली. दोन डॉक्टर, हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ, एक सनदी लेखापाल, एक वकील, एका दूध संस्थेचे सचिव आणि दोन शिक्षक एवढीच मंडळी होती. ठराव तासाभरात लिहून झाला : कोल्हापूर आणि भोवतालच्या डोंगरी तालुक्यांसाठी लोकवर्गणीतून चालणारी हेलिकॉप्टर रुग्णसेवा उभी करायची. त्या संध्याकाळी सभागृहात जो उत्साह होता तो खरा होता, आणि कोल्हापूरच्या माणसाला तो परका नाही. पूर आला की तालमी, मंडळे आणि गल्ल्या रातोरात भाकरीची गाठोडी घेऊन बाहेर पडतात. मात्र पूर आठवड्याने ओसरतो, आणि आम्ही जे मागणार होतो ते वर्षानुवर्षे, दर महिन्याला द्यावे लागणार होते.

इतरांनी काय केले

लोकांच्या पैशावर हवाई रुग्णसेवा चालते याचा सर्वांत जुना पुरावा स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथली रेगा ही संस्था 1952 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दशकात सरकारी मदतीची आशा सोडून थेट नागरिकांकडे गेली. ठराविक वार्षिक रक्कम देणारे तिचे आश्रयदाते आज 35 लाखांहून अधिक आहेत. या रचनेतली एक गोष्ट आम्ही ठळक अक्षरांत उतरवून घेतली : विम्यातून न भागलेला सुटकेचा खर्च रेगा आपल्या आश्रयदात्याला माफ करू शकते, परंतु डोंगरात अडकलेल्या दोघांपैकी आधी कोणाला उचलायचे हे ठरवताना वर्गणीची पावती पाहिली जात नाही.

ब्रिटनमध्ये पहिली समर्पित सेवा 1987 मध्ये कॉर्नवॉल या निमुळत्या, समुद्राने वेढलेल्या आणि मोठ्या रुग्णालयांपासून लांब असलेल्या भागात सुरू झाली. वेल्सची सेवा 1 मार्च 2001 रोजी, त्या देशाच्या संताच्या दिवशी सुरू झाली, आणि तिची कामाची विभागणी आम्हांला सर्वांत उपयोगी वाटली. हेलिकॉप्टर, इंधन, देखभाल आणि वैमानिक यांचा भार धर्मादाय संस्था उचलते. हेलिकॉप्टरमध्ये बसणारे डॉक्टर आणि अतिदक्षता सेवक सरकारी आरोग्यसेवेचे असतात. ही डॉक्टरांची जोड 2015 मध्ये आली, म्हणजे सेवा सुरू झाल्यानंतर चौदा वर्षांनी. चार हेलिकॉप्टरांसाठी दरवर्षी 1 कोटी 12 लाख पौंड उभे करावे लागतात, असे ही संस्था काही वर्षांपूर्वी आपल्या देणगीदारांना सांगत असे.

लंडनच्या सेवेबद्दल वाचताना मात्र आमच्या ठरावाला पहिला तडा गेला. तिथे हेलिकॉप्टर डॉक्टरला घेऊन अपघाताच्या जागी उतरते, डॉक्टर रस्त्यावरच भूल देतो, छाती उघडतो, रक्त देतो, आणि त्यानंतर बहुतेक रुग्ण साध्या रुग्णवाहिकेतून, त्याच डॉक्टरच्या सोबतीने रुग्णालयात जातात. अंधार पडला की हेच पथक मोटारीने निघते. मी हे वाचून दाखवल्यावर सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. आम्ही सगळे रुग्णाला उचलून आणणाऱ्या यंत्राचा विचार करत होतो, आणि ज्यांचे काम पाहून आम्हांला हुरूप आला होता ते डॉक्टरला रुग्णापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रासाठी पैसे गोळा करत होते.

आपल्या देशातली दोन उदाहरणेही आम्ही अभ्यासली. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, आणि मध्य प्रदेशानेही त्याच वर्षी राज्याच्या खर्चाने हवाई रुग्णवाहिका सुरू केली. ऋषिकेशचे हेलिकॉप्टर 17 मे 2025 रोजी केदारनाथजवळ उतरताना अपघातग्रस्त झाले. आतले तिघेही सुखरूप बचावले. आमच्यातल्या हवाई दलाच्या काकांनी त्या बातमीचे कात्रण फाइलच्या पहिल्या पानावर लावले. डोंगरातून माणसे वाचवायला जाणाऱ्या यंत्राला तोच डोंगर धोक्याचा असतो, हे वर्गणी मागणाऱ्याने कधी विसरू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मिनिटांचा हिशेब

त्यानंतर आम्ही चिठ्ठीवरच्या वेळा पुन्हा मांडल्या आणि तेच प्रकरण हेलिकॉप्टर असल्याचे गृहीत धरून मिनिटामिनिटाने चालवून पाहिले. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे; तिथून चंदगड सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर आहे. रस्त्याने हे अंतर 115 किलोमीटरच्या आसपास जाते. ताशी 220 किलोमीटर वेग धरला तर उड्डाण 22 मिनिटांचे होते. बातमीपत्रांत छापला जातो तो आकडा एवढाच असतो. पण त्याआधी फोन घेऊन निर्णय करायला पाच मिनिटे, यंत्र सुरू करून जमीन सोडायला पाच मिनिटे, आणि जागा हेरून उतरायला तीन मिनिटे लागतात. रुग्णाला स्थिर करायला निदान पंचवीस मिनिटे आणि आत घ्यायला पाच मिनिटे जातात. परतीची 22 मिनिटे वेगळी, आणि रुग्णालयाच्या आवारात उतरता येत नसेल तर विमानतळावर रुग्ण पुन्हा रुग्णवाहिकेत घालून शहरातल्या गर्दीतून न्यायला अठ्ठावीसेक मिनिटे आणखी जातात. एकूण 115 मिनिटे झाली. अकरा वाजता फोन आला असता तर तो शेतकरी एकला पाच मिनिटे असताना शस्त्रक्रियागृहात पोहोचला असता. प्रत्यक्षातल्या तीन चाळीसपेक्षा हे पावणेतीन तासांनी आधी आहे, आणि ही बचत मोठीच आहे.

तरीही त्या कागदावरचा माझ्या दृष्टीने खरा आकडा दुसराच होता. अकरा वाजता फोन आला असता तर अकरा पस्तीसला डॉक्टर त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला असता. त्याला लागणारी कृती ही मोठी शस्त्रक्रिया नव्हती. बगलेखाली दोन बरगड्यांच्या मधून छेद देऊन हवेला वाट करून देणे, एवढे काम सराव असलेल्या हाताला काही मिनिटांत जमते. मग आम्ही तोच हिशेब गडहिंग्लज शहरात उभ्या असलेल्या एका मोटारीसाठी केला. मोटारीत असाच सराव असलेला डॉक्टर, एक सहायक आणि पाठीवर घ्यायच्या दोन पिशव्या असत्या, तर जीप बारा वाजता पहिल्या दवाखान्यात पोहोचत असताना ती मोटार पाठोपाठ दहा-पंधरा मिनिटांत तिथे दाखल झाली असती. म्हणजे छाती बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उघडली गेली असती. त्याचा मृत्यू त्यानंतर जवळपास चार तासांनी झाला.

मेव्हण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले. हेलिकॉप्टर असते तर तो बहुधा वाचला असता. पण मोटारीतला डॉक्टर असता तरीही तो बहुधा वाचला असता, आणि मोटारीला आमच्या मनातल्या खर्चाचा लहानसा हिस्साच लागला असता.

जवळच्या तालुक्यांचा हिशेब आणखी स्पष्ट निघाला. राधानगरी सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास आहे. तिथून हेलिकॉप्टरने आणायला त्याच पद्धतीने दीड तासाच्या वर वेळ लागतो, आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका वेळेत मिळाली तर रस्त्याने पावणेदोन-दोन तास लागतात. वीसेक मिनिटांच्या फरकासाठी यंत्र उडवणे एखाद्याच रुग्णाबाबत योग्य ठरेल. करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांत तर रस्त्याने पोहोचणारे पथकच आधी पोहोचते.

याच हिशेबातून आमच्या ‘प्रदेश’ या शब्दाचीही फेरतपासणी झाली. आम्ही जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून बसलो होतो. रुग्ण मात्र त्या नकाशाने चालत नाहीत. चंदगडहून बेळगाव सरळ रेषेत 35 किलोमीटर आहे, कोल्हापूर त्याच्या दुपटीहून दूर आहे, आणि त्या तालुक्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बेळगावच्या दवाखान्यांत जात आली आहेत. घाटाखालचा सिंधुदुर्ग गंभीर रुग्णांसाठी गोव्यातल्या बांबोळीकडे पाहतो. शिरोळचा रुग्ण मिरजेला जातो. राज्याची सीमा ओलांडली की 108 तोच राहतो पण यंत्रणा बदलते. महाराष्ट्राचा फोन पुण्याच्या केंद्रात वाजतो आणि कर्नाटकाचा त्यांच्या केंद्रात. सीमेवरच्या गावात मोबाइल कोणत्या टॉवरला धरला आहे यावर मदत कुठून येणार हे ठरू शकते. तेव्हा सेवा कोल्हापूरची म्हणून जाहीर करायची आणि चंदगडच्या रुग्णाला बेळगाव सोडून कोल्हापूरला आणायचे, हा हट्ट रुग्णाच्या हिताचा नाही, असे मी लेखी नोंदवले. यावर बराच वाद झाला. वर्गणी देणाऱ्याला आपल्या गावाचे नाव यंत्रावर पाहायचे असते हे मला मान्य आहे. पण ते यंत्र उतरणार कुठे, हे दुखापत ठरवते.

पाऊस

गगनबावडा आणि शिरोळ हे एकाच जिल्ह्यातले दोन तालुके आहेत आणि त्यांच्या पावसात कित्येक पटींचा फरक आहे. जूनच्या मध्यापासून सह्याद्रीच्या माथ्यावर ढग अक्षरशः टेकतात. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा आणि आंबोली या घाटांच्या तोंडाशी समोरची गाडी दिसत नाही, तिथे जमीन नजरेत ठेवून उडायच्या हेलिकॉप्टरने शिरणे म्हणजे आणखी तीन जीव धोक्यात घालणे होय. सर्पदंश, दरड, घसरून पडणे, ओढ्यात वाहून जाणे या घटना याच महिन्यांत वाढतात. म्हणजे डोंगरी तालुक्यांना ज्या चार महिन्यांत मदत सर्वाधिक लागते, त्याच चार महिन्यांत हेलिकॉप्टर बहुतेक दिवस जमिनीवर बसून राहणार.

हे आम्ही वर्गणीच्या पत्रकात पहिल्याच परिच्छेदात छापायचे ठरवले, आणि दोन सदस्यांनी याच मुद्द्यावर गट सोडला. असे छापले तर शाहूवाडीचा माणूस एक रुपया देणार नाही, हे त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. माझे म्हणणे असे की, पत्रकात न छापलेली गोष्ट जुलैमधल्या एखाद्या रात्री, फोन घेणाऱ्याला, रुग्णाच्या बापाला सांगावी लागेल.

पुराच्या बाबतीत मात्र चित्र थोडे निराळे आहे, आणि इथे हेलिकॉप्टरची बाजू बळकट होते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी गाठते. ऑगस्ट 2019 मध्ये ती 55 फुटांच्याही वर गेली, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा तोच अनुभव आला. शिरोळ तालुक्यातला पूर हा बहुतांशी पश्चिमेला पडलेल्या पावसाचा असतो. नृसिंहवाडी, कुरुंदवाड पाण्यात असताना तिथले आकाश उडण्याइतके मोकळे असण्याची शक्यता घाटमाथ्यापेक्षा पुष्कळच जास्त असते. डायलिसिसवरचा रुग्ण, अडलेली बाळंतीण, छातीत कळ आलेला म्हातारा यांना बोटीतून नेण्यापेक्षा हवेतून नेणे तिथे निर्विवाद चांगले आहे. अर्थात, त्या आठ-दहा दिवसांसाठी सैन्याची आणि शासनाची यंत्रणा येतेच, आणि तिच्या मधे लुडबुड न करता तिच्या नियंत्रणाखाली काम करणे हाच मार्ग राहतो.

सर्पदंशाचे आणखी एक सांगणे आवश्यक आहे. विषारी दंशाच्या रुग्णाला प्रतिविष जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मिळाले पाहिजे. मण्याराच्या दंशात श्वास मंदावला तर तिथेच नळी घालून श्वास देणारा हात पाहिजे. त्याला प्रतिविषाविना आकाशातून कोल्हापूरला आणणे हा उपचाराला केलेला उशीरच ठरेल, मग तो कितीही वेगाने केलेला असो.

पैसा

नेमका खर्च यंत्राच्या प्रकारावर आणि करारावर अवलंबून राहतो, म्हणून आमच्या लेखापालांनी वर्षाला 10 कोटी रुपये हा एक कामचलाऊ आकडा फळ्यावर लिहिला आणि त्यावरून उलटा हिशेब केला. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार होती, म्हणजे ढोबळमानाने आठ लाख कुटुंबे. प्रत्येक कुटुंबाने वर्षाला 125 रुपये दिले तर 10 कोटी होतात. दहातल्या एकाच कुटुंबाने दिले तर त्याच्या वाट्याला 1250 रुपये येतात. वर्षात 300 उड्डाणे झाली तर एका उड्डाणाला सव्वातीन लाखांच्या वर खर्च पडतो. 100 च झाली तर 10 लाख. हेलिकॉप्टर भाड्याने घेतानाही ठराविक मासिक रक्कम आणि किमान उड्डाणतासांची हमी द्यावी लागते, त्यामुळे पावसाळ्यात उभे राहिलेले यंत्रही पैसे खातच असते.

ब्रिटनमधल्या संस्थांचा मोठा आधार म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सोडती आणि मृत्युपत्रांतून येणाऱ्या देणग्या. आपल्याकडे 1998 च्या लॉटरी नियमन कायद्याने सोडत चालवण्याचा अधिकार फक्त राज्यांना आहे, त्यामुळे ती वाट बंद आहे. मृत्युपत्रात संस्थेला हिस्सा ठेवण्याची रीत आपल्या घरांत अजून रुजलेली नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी उरतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार 500 कोटींचे निव्वळ मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहतींत या निकषात बसणारे उद्योग आहेत आणि आरोग्य हा त्या यादीतला विषय आहे. पण असा निधी प्रकल्पाला मिळतो आणि प्रकल्पाला मुदत असते. हेलिकॉप्टरला चौथ्या वर्षीही इंधन लागते.

म्हणून आमचे लक्ष दूध आणि ऊस यांकडे वळले. कोल्हापूरची खरी बँक तीच आहे. समजा, रोज 10 लाख लिटर दुधामागे लिटरला पाच पैसे मिळाले तर दिवसाला 50 हजार आणि वर्षाला 1 कोटी 82 लाख रुपये जमतात. समजा, हंगामातल्या 1 कोटी टन उसामागे टनाला दोन रुपये मिळाले तर आणखी 2 कोटी. हे आकडे पाहून आमच्यातले काहीजण आनंदले, आणि दूध संस्थेच्या सचिवांनी तेवढ्याच शांतपणे सांगितले की, बिलातून परस्पर कपात हा शब्द काढला तरी गावात आमचे तोंड बघणार नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. शेतकऱ्याच्या बिलातून आधीच इतक्या गोष्टी वजा होतात की आणखी एक वजाबाकी, ती कितीही सत्कार्यासाठी असली तरी, त्याला वर्गणी वाटत नाही. शेवटी असे ठरले की, सभासदाने स्वतःच्या सहीने लेखी संमती दिली तरच कपात, संमती कधीही मागे घेण्याची मुभा, आणि गावनिहाय हिशेब दर तिमाहीला दूध संस्थेच्या फळ्यावर. यातून पैसा सावकाश येतो. पण पाच पैसे देणारा माणूस फळ्यासमोर उभा राहून हिशेब विचारतो, आणि अशा सेवेला टिकवून धरणारी देखरेख मला त्यातच दिसते.

याच ठरावात एक कलम माझ्या आग्रहाने आले. देणगीदार, पदाधिकारी, लोकप्रतिनिधी किंवा त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी यंत्र उडणार नाही; उड्डाणाचा निर्णय फक्त कर्तव्यावरचा डॉक्टर वैद्यकीय निकषांवर घेईल, आणि हवामानाबद्दल वैमानिकाचा नकार अंतिम राहील. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर ही काय चीज असते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. न्यास स्वतः विमानसेवा चालवू शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेल्या अनुसूचितेतर, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाविना उड्डाणे करणाऱ्या, चालकाशी करार करावा लागतो, आणि यंत्र, वैमानिक व उड्डाणयोग्यता यांची जबाबदारी त्याच्याकडे राहते. नजरेने चालणारी हेलिकॉप्टर उड्डाणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच होतात, त्यामुळे रात्रीचा विचार आम्ही सुरुवातीपासूनच सोडला. नोंदणीसाठी 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याचा आणि कंपनी कायद्यातल्या कलम 8 चा, म्हणजे ना-नफा कंपनीचा, असे दोन मार्ग होते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गावच्या माणसालाही जाऊन कागद पाहता येतात, म्हणून पहिला निवडला.

मैदाने

कागदी काम चालू असताना शिक्षक मंडळींनी उतरण्याच्या जागा मोजायला घेतल्या. यंत्राच्या एकूण लांबीच्या दुप्पट मोकळी, सपाट जागा आणि आत येण्या-जाण्याच्या वाटेवर तार नाही, हा साधा निकष धरला. मध्यम आकाराच्या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरसाठी हे माप तीस मीटरच्या आत बसते. ऐकायला सोपे वाटते. आजरा तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मी स्वतः टेप धरून उभा होतो. मैदान चांगले चाळीस मीटरचे होते, फक्कीने कबड्डीच्या रेघा मारलेल्या होत्या, आणि तीन बाजू मोकळ्या होत्या. पण चौथ्या बाजूला पोषण आहाराच्या खोलीवर नुसते दगड ठेवून बसवलेले पत्रे होते. हवाई दलाच्या काकांनी ते पाहिले आणि मुख्याध्यापकांना सांगितले की, पंख्याच्या वाऱ्याने हे पत्रे पतंगासारखे उडतील आणि खाली उभ्या असलेल्या पोरांत येतील. मैदान मोकळे कधी असते असे विचारल्यावर शिपाईमामा म्हणाले, “सायब, उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात चिखल, आन्‌ मधल्या दिवसांत पोरं खेळत्यात.” आम्ही तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. पत्रे हुकांनी आवळायचे, धुरळ्यासाठी पाण्याचा टँकर कोणाचा आणि तो किती वेळात येतो, आणि पोरांना शिट्टी वाजली की वर्गात नेण्याचे काम कोणाचे, अशा तीन ओळी त्या मैदानाच्या पानावर आहेत.

अशी पाने आज पाच तालुक्यांची तयार आहेत. प्रत्येक पानावर अक्षांश-रेखांश, तारांची दिशा, चावी कोणाकडे असते आणि दोन माणसांचे फोन क्रमांक आहेत. यंत्र अजून नसले तरी या पानांचा उपयोग आहे, कारण मोटारीच्या पथकाला वाडीवरचा रुग्ण कुठे भेटवायचा याचे तेच ठरलेले ठिकाण होते.

काय ठरले

अखेरीस ठराव बदलला. पहिल्या टप्प्यात गडहिंग्लजला डॉक्टर आणि सहायकाची एक मोटार, तीही 108 च्या केंद्राकडून निरोप येईल तेव्हाच निघणारी. समांतर फोन क्रमांक काढायचा नाही. 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेल्या त्या व्यवस्थेशेजारी आणखी एक क्रमांक उभा केला तर घाबरलेल्या माणसाचा गोंधळ तेवढा वाढेल. दुसऱ्या टप्प्यात त्याच डॉक्टरांना ग्रामीण रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांबरोबर छातीत नळी घालणे, श्वासनलिका सुरक्षित करणे आणि रक्तस्राव थांबवणे यांचा नियमित सराव. हेलिकॉप्टर तिसऱ्या टप्प्यात, भाड्याने, ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी, आणि दोन वर्षांचा पूर्ण खर्च बँकेत जमा झाल्यावरच.

या क्रमाला खरा विरोध पैशाच्या अंगाने झाला, आणि तो मी आजही खोडून काढू शकलेलो नाही. लोक हेलिकॉप्टरसाठी देतात. मोटारीसाठी देत नाहीत. पत्रकावर हेलिकॉप्टरचे चित्र होते तेव्हा सभांना गर्दी होती, आणि मोटारीचे चित्र आल्यावर ती निम्म्याहून कमी झाली. दूर उडणारे लाल यंत्र पाहून ‘त्यात माझे पाच पैसे आहेत’ असे म्हणण्यात जे समाधान आहे, ते दवाखान्याच्या आवारात उभ्या मोटारीकडे पाहून होत नाही. कदाचित मोटार आधी ठेवून आम्ही हेलिकॉप्टर दहा वर्षे लांबणीवर टाकले असेल. तरीही चंदगडच्या त्या चिठ्ठीवरच्या वेळा समोर ठेवल्या की मला दुसरा क्रम सुचत नाही.

सध्या मोटारीसाठीची रक्कम जमली आहे, दोन डॉक्टर आठवड्यातले ठराविक दिवस द्यायला तयार आहेत, आणि मध्यवर्ती केंद्राशी करायच्या कराराचा मसुदा तिसऱ्यांदा दुरुस्त होऊन गेला आहे. तो मंजूर होईपर्यंत पथक निघू शकत नाही. मेव्हण्याला मी एकदा चंदगडला जाऊन भेटलो आणि हिशेबाचा कागद दाखवला. त्याने अकरा पस्तीस आणि बारा वीस या दोन आकड्यांवर बराच वेळ बोट ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या मैदानाची चावी आपल्याकडे घेतली.

मागच्या आठवड्यात आजऱ्याच्या त्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. पत्रे हुकांनी आवळून झाले आहेत, पण मैदानाच्या पूर्वेच्या कडेने विजेचे दोन नवे खांब उभे राहिले आहेत आणि तार ओढायची तेवढी बाकी आहे. त्या पानावर लाल शाईने फुली मारली आहे. जवळचे दुसरे मोकळे रान दीड किलोमीटरवर आहे, ते येत्या रविवारी मोजायचे आहे.